उत्तर बरोबर आहे की, मामा!

धंद्याने मी शिक्षक नव्हे. बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. ड्युटी सुटली की वडगावातल्या घरी शेजारची पोरं गणित घेऊन बसतात, यंदा त्यांत भाचीची भर पडली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूला, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्स आणि सगळं एकदम इंग्रजीत. दाजींचं ठरलेलं निदान: "इंग्रजीमुळं मागं पडूलीय पोरगी." फिजिक्सपुरतं ते मान्य. गणिताच्या पेपरात मात्र 'प्रूव्ह दॅट', 'फाइंड', 'हेन्स इव्हॅल्युएट' असलेच पाचपन्नास शब्द फिरून फिरून येतात, ते महिन्याभरात अंगवळणी पडतात.

वही उघडल्यावर वेगळंच दिसलं. प्रश्न, खाली एखादी ओळ, लगेच उत्तर. अकरावीपासून सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावलेला, तिथं चार पर्यायांतला एक उचलायची सवय लागलेली. विचारलं तर म्हणते, "उत्तर बरोबर आहे की, मामा! स्टेप लिहीत बसले तर वेळ जातोय."

वेळ जातो, जाऊ दे. सेकंड पीयूचा, म्हणजे बारावीचा, गणिताचा लेखी पेपर ८० मार्कांचा, वर २० अंतर्गत. त्यातले पाच मार्कांचे प्रश्न सगळी वाट दाखवायला सांगतात. 'वन अपॉन एक्स स्क्वेअर मायनस ए स्क्वेअर'चं इंटिग्रल काढा आणि त्यावरून पुढचं सोडवा, हा नेहमीचा प्रश्न घ्या. सूत्र तिला तोंडपाठ. पण ते आलं कुठून, हे लिहायला लावल्यावर पेन दुसऱ्याच ओळीला थांबलं. खालच्या पदाचे अवयव पाडायचे होते, एक्स वजा ए आणि एक्स अधिक ए. हायस्कूलच्या सुरुवातीची बेरीज-वजाबाकीची जोडी! तिथून अपूर्णांकाचे दोन तुकडे, मग दोन लॉग, आणि बाहेर वन अपॉन टू ए. इंटिग्रेशन तिला येत होतं, अडलं होतं ते जुन्या बीजगणितात. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला हे कधी कळतच नाही. आमच्याकडं फौंड्रीत जॉब, म्हणजे बनवलेला भाग, रिजेक्ट झाला तर कुठल्या ऑपरेशनला माप गेलं ते लिहावं लागतं, तसंच हे.

म्हणून आधी जुनी पुस्तकं काढली. अवयव, अपूर्णांक, वर्गसमीकरणं, अकरावीची त्रिकोणमिती. हिला लाज वाटली, "आठवीचं करूलोय आम्ही?" करायचंच. बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकाचे तेरा धडेही ओळीनं घेतले नाहीत. मॅट्रिक्स, डिटर्मिनंट आधी, मग व्हेक्टर आणि थ्रीडी. त्यांना मागचं सामान कमी लागतं, हात बसतो, मार्कही दिसायला लागतात. लिनिअर प्रोग्रॅमिंगला तर आलेख नीट काढून कोपऱ्याचे बिंदू तपासले की झालं. सगळं सोपं, पण पट्टी न वापरता रेषा मारणाऱ्यांचं काय करायचं ते सांगा.

डेफिनिट इंटिग्रलला मात्र आम्ही बरेच दिवस रमलो. झिरो ते पाय बाय टू, वर रूट साईन, खाली रूट साईन अधिक रूट कॉस. सरळ सोडवायला गेलात तर फेस येतो. मग तो गुणधर्म वापरायचा: एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स. साईनचा कॉस होतो, कॉसचा साईन. खालचं पद तेच राहतं, वरचं बदलतं. दोन्हींची बेरीज करा, वरखाली सारखं, उरला नुसता एक! टू आय बरोबर पाय बाय टू, म्हणजे आय बरोबर पाय बाय फोर. इंटिग्रेशन जवळजवळ केलंच नाही. भाचीनं हे स्वतः परत लिहून काढलं, मग आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. ताईला काय कळणार, पण तिनं बघितलं. सीईटीच्या क्लासला हाच प्रश्न 'लिमिटची वजाबाकी भागिले दोन' अशी युक्ती म्हणून शिकवला होता. युक्ती खरी आहे, पण बोर्डाच्या पेपरात ती लिहून भागत नाही.

सीईटी सोडा असं माझं म्हणणं नाही. गणिताचे ६० प्रश्न, ८० मिनिटं, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, सराव हवाच. पण इंजिनिअरिंगच्या रँकला निम्मा वाटा बोर्डाच्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताचा असतो, हे क्लासची फी भरताना कुणाच्या ध्यानात नसतं. ज्याला वाट पूर्ण लिहिता येते तो पुढं ती मनातल्या मनात करतो. उलट होताना मी अजून पाहिलं नाही.

सध्या प्रॉबॅबिलिटी चालू आहे. बेजचा थिअरम, म्हणजे घडलेल्या गोष्टीवरून तिच्या कारणाची शक्यता काढायचं सूत्र, आला की आधी घटनांची नावं लिहायची, ई वन म्हणजे काय, ई टू म्हणजे काय, ए म्हणजे काय, आणि मगच सूत्राला हात लावायचा, असा नियम केलाय. भाची कुरकुरते, पण लिहिते. संध्याकाळी अजून दोघातिघांना जागा आहे. येताना वही आणि अकरावीचं पुस्तक घेऊन या.