माझा अनुभव: सिएनाचा पालिओ मी मैदानात उभं राहून बघितला, आईने टीव्हीवर, आणि तिलाच जास्त दिसला

पालिओला जायचं हे माझंच खूळ, आईला फक्त पिसाचा कललेला मनोरा बघायचा होता. मी म्युनिकला नोकरी करते, आई लोणंदहून तीन महिन्यांसाठी आलेली, म्हटलं जूनच्या शेवटी इटलीला जाऊ, सिएनाची घोड्यांची शर्यत बघू, येताना पिसा करू. तिला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "अगं वारीच्या दिवसात कुठं शर्यती बघत फिरायचं?" तरी आली.

पालिओ एरवी वर्षातून दोनदाच असतो, २ जुलै आणि १६ ऑगस्ट. दोन्ही मारियामातेच्या नावाने. शहराचे १७ भाग, त्यांना कोंत्रादा म्हणतात, प्रत्येकाचा एक प्राणी किंवा चिन्ह. गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, साळिंदर, हंस, कासव असं काय काय. आपल्या पुण्याच्या पेठा आणि गणपती मंडळं एकत्र करून वर भावकी मिसळली की जे होईल ते म्हणजे कोंत्रादा. पोराचा बाप्तिस्मा कोंत्रादाच्या कारंज्यावर, लग्नात तिचा झेंडा, मेल्यावर पण तोच. या हद्दी आत्ताच्या नाहीत, १७२९-३० च्या आसपास आखून दिलेल्या आहेत आणि आजही कोणत्या गल्लीचा कोणता कोपरा कोणाचा हे लोकांना पाठ. १७ मधले फक्त १० धावतात, मैदानात त्याहून जास्त मावत नाहीत म्हणून. गेल्या वर्षी याच महिन्यात जे ७ धावले नव्हते त्यांचा हक्क, उरलेले ३ चिठ्ठी टाकून.

बुकिंग मी फेब्रुवारीत सुरू केलं तरी उशीरच झाला होता. त्या दिवसात रूमचे भाव दुप्पट आणि कमीत कमी तीन रात्री घ्या अशी अट. बाल्कनीतल्या जागेसाठी एका ऑनलाइन एजन्सीला विचारलं तर माणशी साडेतीनशे युरो, वर बुकिंग फी वेगळी, आणि नीट वाचलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की बाल्कनी म्हणजे खिडकीची दुसरी रांग. सोडून दिलं. मैदानाच्या मधोमध उभं राहून बघायला एक पैसा लागत नाही, मला वाटलं हे भारी आहे, ते का फुकट आहे ते नंतर कळलं.

रूम मिळाली एका सत्तरीच्या बाईंच्या घरात, वरचा मजला. मी त्यांना मनातल्या मनात काकूच म्हणायचे. ३० जूनला दुपारी पोचलो, फ्लोरेन्सहून बस घेतली हे बरं केलं कारण बस वर गावातच सोडते, रेल्वे स्टेशन खाली आहे आणि तिथून सरकते जिने चढत चढत यावं लागतं. आईचे गुडघे आणि दोन बॅगा, नको रे बाबा.

पोचल्यावर पहिला घोळ आम्हीच केला. गल्लीतल्या दुकानात कोंत्रादांचे रेशमी रुमाल टांगलेले असतात, गळ्यात बांधायचे. आईने निळा-पिवळा उचलला, त्यावर कासव होतं. म्हणाली देवळात नंदीपुढं कासव असतं, शुभ असतं, हाच घे. घेतला, तिथंच बांधला, आणि तसंच घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, आईकडे बघितलं, हसत होत्या ते हसू जागच्या जागी थांबलं. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन पाण्याचा जग आणला, टेबलावर ठेवला, मग आईच्या गळ्यातली गाठ स्वतःच्या हाताने सोडली, अगदी हळू, लहान पोराचं जावळ विस्कटू नये तशी, रुमालाची नीट चौकोनी घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावून टाकला. मग भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर लाल-पिवळ्या झेंड्यावर ही एवढी गोगलगाय. मोबाईलवर ट्रान्सलेट करून कळलं की या गोगलगाय कोंत्रादाच्या आणि कासववाले म्हणजे त्यांचे पिढीजात वैरी. १७ मधून नेमका वैऱ्याचाच रुमाल. आई म्हणाली, "म्हणजे आपण वाड्यावर येऊन दुसऱ्या पार्टीचा पंचा घालून बसलो की गं."

तर पहिली गोष्ट, रुमाल घ्यायचाच असेल तर जिथं राहताय त्या गल्लीत कोणता झेंडा लावलाय ते वर मान करून बघा. घरांवर कोंत्रादाच्या छोट्या पाट्या पण असतात.

दुसरी गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती ती म्हणजे खरी मजा सरावात आहे. २९ जूनला चिठ्ठी टाकून घोडे वाटतात, म्हणजे घोडा आपल्या मर्जीचा नसतो, नशिबात येईल तो, आणि मग सहा सराव होतात, सकाळी नऊच्या सुमारास आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास. फुकट, गर्दी बेताची, ऊन कमी. १ जुलैला सकाळी मी आईला घेऊन गेले. पियाझ्झा देल काम्पो म्हणजे शिंपल्याच्या आकाराचं विटांचं मैदान, एका बाजूला उतरतं, कडेने सगळीकडे पिवळसर माती अंथरून दाबलेली, तोच ट्रॅक. आईने आधी चप्पल काढून माती बघितली, "चांगली आहे, पण कडक बसवलीय." सान मार्तीनोच्या उताराच्या वळणावर भिंतीला गाद्या लावलेल्या असतात कारण घोडे तिथं सरळ भिंतीवर जातात. जॉकी खोगीर न घालता उघड्या पाठीवर बसतात आणि हातात वाळवलेल्या चामड्याचा चाबूक असतो, तो बैलाच्या कशाचा करतात ते मी आईला सांगितलं नाही.

सरावात जॉकी जीव तोडून पळवत नाहीत, घोडा जपतात. पण बाकावर बसलेली कोंत्रादाची पोरं बेंबीच्या देठापासून गातात, एकीने गायलं की वैरी दुप्पट आवाजात. आई पूर्ण वेळ घोड्यांपेक्षा त्या पोरांकडेच बघत होती.

त्या रात्री, म्हणजे मुख्य सरावानंतर, प्रत्येक कोंत्रादा आपापल्या गल्लीत टेबलं लावून जेवण करते, शेकडो माणसं, आणि बाहेरच्यालाही बऱ्याच ठिकाणी आधी पैसे भरून जागा मिळते. आम्हाला काकूंनी दोन जागा मिळवून दिल्या, माणशी पन्नास युरोच्या आसपास गेले, पण या अख्ख्या ट्रिपमधले ते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे. आई शाकाहारी, तिला पीची हा तिकडचा पास्ता वाढला, लसूण-टोमॅटोतला. "या तर जाड शेवया," म्हणाली आणि दोनदा घेतल्या. पावाचा तुकडा मोडला आणि थांबली. "मीठच विसरले गं हे." विसरले नव्हते, तस्कनीचा पाव बिनमिठाचाच असतो, पण समोरच्या आजोबांना तिने खुणेने मीठ मागितलं आणि पावावर भुरभुरवून खाल्लं, ते बघून आजोबा एवढे हसले की त्यांनी बायकोला हलवून दाखवलं. मधल्या टेबलावर जॉकी बसला होता, शेजारी दोन धिप्पाड माणसं. मला वाटलं बॉडीगार्ड. तसंच आहे, पण वाचवायला नाही तर नजर ठेवायला, कारण बाकीच्या कोंत्रादा त्याला पैसे देऊन फोडू शकतात आणि हे सगळं चोरून नाही, पालिओचाच भाग आहे, कॅप्टन लोक एकमेकांशी सौदे करतात, तू जिंकलास तर एवढे, त्याला अडवलंस तर तेवढे. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची सवय असल्यामुळे आईला हे समजावून सांगावं लागलं नाही.

२ जुलै. दुपारी घोड्याला कोंत्रादाच्या छोट्या चर्चमध्ये नेऊन पाद्री आशीर्वाद देतो. अक्षरशः आत, वेदीपुढे. आम्ही दारापाशी चेंगरून उभे. कोणी शब्द बोलत नव्हतं, घोडा बुजू नये म्हणून. पाद्री शेवटी घोड्याला म्हणतो, जा आणि जिंकून ये. आत असताना घोड्याने लीद टाकली तर शुभ मानतात, आमच्या घोड्याने काही टाकली नाही आणि लोकांची तोंडं जराशी पडलीच. आईचे डोळे भरून आले होते. बाहेर आल्यावर म्हणाली, "चांदोबाच्या लिंबाला असंच होतं बघ." तिचं माहेर तरडगावकडचं, माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथं होतं, ती लहानपणापासून त्या अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावत आलेली. मग मी तिला सांगितलं की इथं स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी तो जिंकतो. तिला यात काही विशेष वाटलंच नाही. "मग? माउलींच्या अश्वावर तरी कोण दिसतंय बसलेलं? बसलेले असतातच."

आता मैदान. आईला न्यायचं नाही हे सकाळीच ठरलेलं कारण एकदा आत गेलं आणि ट्रॅक बंद झाला की शर्यत संपेपर्यंत बाहेर येता येत नाही, बसायला काही नाही, सावली फारशी नाही आणि असते ती सरकत राहते, टॉयलेटच्या भरवशावर राहू नका. काकूंचाही गुडघा दुखत होता, त्या टीव्हीवर बघणार होत्या, दोघींना घरी सोडलं. मी साडेतीनला आत गेले. दोन लिटर पाणी, टोपी, सहा बिस्किटं. छत्री नेली होती, उघडली तर मागून पाच भाषांमध्ये ओरडा पडला, मिटली. पाणी प्यायचं की नाही हाच विचार चार तास, प्यावं तर जायचं कुठं आणि न प्यावं तर चक्कर. माझ्यासमोरून दोघांना स्ट्रेचरवर नेलं. पाचनंतर मिरवणूक सुरू झाली, जुन्या काळचे पोशाख, ढोल, झेंडे हवेत उंच फेकून झेलणारी पोरं, वर नगरपालिकेच्या इमारतीच्या मनोऱ्यातली मोठी घंटा सारखी वाजत असते, शेवटी पांढऱ्या बैलांचा रथ ज्यावर जिंकणाऱ्याला मिळणारा रेशमी पट असतो. बक्षीस एवढंच, एक रंगवलेलं कापड. मिरवणूक दोन तास चालते, पहिला अर्धा तास मला फार आवडली.

साडेसातला घोडे आले. दोन दोरांमध्ये नऊ घोडे उभे करायचे, कोण कुठे हे पाकीट फोडून त्या क्षणी कळतं, आणि ते वाचताना हजारो माणसं एकदम गप्प होतात, तो सन्नाटा मी विसरणार नाही. दहावा घोडा मागे मोकळा, तो पळत आत शिरला की दोर पडतो आणि शर्यत सुरू. म्हणजे सगळी किल्ली त्या दहाव्याच्या हातात आणि तो काही येईना. सौदे चालू. पुन्हा बाहेर काढा, पुन्हा उभे करा. पाऊण तास गेला. मग अचानक दोर पडला, सगळे एकदम टाचांवर उभे राहिले, पोरींना खांद्यावर घेतलं, आणि मला माझ्यापुढच्या जर्मन माणसाची मान दिसली. तीन फेऱ्या, साधारण एक किलोमीटर, सव्वा मिनिट. मी एक पिवळं टोपडं आणि चार कान बघितले. मग किंचाळ्या, लोक ट्रॅकवर धावले, कोणी रडतंय, कोणी एकमेकांना ठोसे मारतंय, कोण जिंकलं ते मला शेजारच्या पोरीने सांगितलं.

गोगलगाय नाही. कासवही नाही.

घरी पोचायला तास लागला. दार उघडलं तर दोघी सोफ्यावर, मध्ये टरबुजाची ताटली. काकूंना म्हणे ताणामुळे बघवेना, दोर पडल्याबरोबर त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले आणि आई त्यांना मराठीत कॉमेंट्री देत होती. "लाल-पिवळा चौथा आहे ताई, आता वळणावर, अगं बाई, गादीला लागला, उठला, उठला, घोड्याला काही नाही झालं." मला तिने सगळी शर्यत रिप्लेसकट सांगितली, कोणी कोणाला कुठे दाबलं, कोणाचा जॉकी पडला. काकू तशा खुशीत होत्या. आपण हरलो याचं दुःख आहेच पण वैरी जिंकला नाही, नाहीतर म्हणे पुढचं वर्षभर गल्लीतून जाता येत नाही. तिथं दुसरा येणं सगळ्यात वाईट मानतात.

रात्रभर खाली ढोल. दीडच्या सुमाराला खिडकीतून बघितलं तर जिंकलेल्यांचा घोळका चाललेला, पन्नाशीचे मिशावाले बाप्ये आणि प्रत्येकाच्या तोंडात लहान बाळाची रबरी चोखणी. कोंत्रादाचा नव्याने जन्म झाला म्हणून. आई म्हणाली फोटो काढ, तुझ्या मामाला पाठवते.

जायचं असेल तर परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. पावसाने माती ओली झाली की शर्यत पुढे ढकलतात, नगरपालिकेच्या इमारतीवर हिरवा झेंडा लावतात, २०२४ चा जुलैचा पालिओ तर थेट ४ तारखेला झाला. आम्ही नशिबाने सुटलो.

३ ला सकाळी निघताना काकूंनी आईच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्याने करकचून बांधलेली पुडी दिली आणि मोबाईलमध्ये बोलल्या, तो आवाज म्हणाला, सिएना संपेपर्यंत उघडू नका. आईने फ्लोरेन्सचा बसस्टँड येईपर्यंत मांडीवर धरून ठेवली. आत कासवाचा रुमाल, इस्त्री केलेला. आता लोणंदला तो मिक्सरवर झाकलेला असतो.