मानपाडा ते नागपूर : तिकिटावरचा दीड तास

सासुरवाडी नागपूरची. त्यामुळे "विमानाने किती वेळ लागतो हो?" हा प्रश्न मला सवयीचा आहे. "दीड तास," असं मी इतकी वर्षं बेधडक सांगत आलो. या खेपेला मात्र घड्याळ लावूनच बसलो.

विमान दहा वाजून पाच मिनिटांचं. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून ठाण्यातल्या मानपाड्याहून साडेसहालाच निघालो. तीन हात नाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागलो आणि बायकोने डबा उघडला. यावरून काय ते समजा. पंचवीस-तीस किलोमीटरला पावणेदोन तास. तिथून पुढे सुरक्षा तपासणीची रांग, मग अत्तराएवढ्या किमतीचा चहा.

मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. तिकिटावर वेळ होता 1 तास 35 मिनिटं. त्यातला आकाशातला वेळ तासाहून थोडाच जास्त. तिकिटावरचा वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो आणि पलीकडे जाऊन ते उभं राहिलं की संपतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि आपलं विमान बापडं रांगेत तिष्ठत राहतं. त्यात गंमत अशी, की जायचं पूर्वेला आणि उड्डाण पश्चिमेला! वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. म्हणून नागपूरकरांना आधी अरबी समुद्राचं दर्शन, मग वळसा.

वर गेल्यावर मात्र हिवाळ्यात तोच पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. जाताना आपण लवकर पोहोचतो, येताना दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं शेजारचे काका छातीठोकपणे सांगत होते. मी वाद घातला नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते हे त्यांना पटवेपर्यंत नागपूर आलं असतं.

घरात पाऊल टाकलं तेव्हा साडेबारा वाजले होते. म्हणजे एकूण सहा तास.

"समृद्धीने यायचं ना जावईबापू," सासरे तर्री-पोह्यांची बशी पुढे करत म्हणाले. साडू त्याच दिवशी ठाण्याहून गाडीने आले, पहाटे सहाला निघून दुपारी साडेतीनला. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा खुला झाल्यापासून तो भिवंडी तालुक्यात, म्हणजे आम्हा ठाणेकरांच्या अंगणातच येऊन टेकला आहे. साडूंचे साडेनऊ तास, त्यात दोनदा जेवणखाण आणि मुलांचे सतराशे थांबे. माझे सहा, त्यात मी शहाणा. आईचा सल्ला तिसराच : ठाण्याला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसा, झोपा, सकाळी नागपूर.

परतीचं विमान रात्रीचं होतं. उतरताना ते पूर्वेकडून, खाडीवरून आलं. मी उजव्या खिडकीशी होतो. ऐरोलीच्या पुलाचे दिवे स्पष्ट दिसत होते. तिथून घर दहा-बारा किलोमीटर. बायको म्हणाली, "इथेच उतरवा म्हणावं."

नऊ वाजून दहा मिनिटांनी चाकं टेकली. कुलपात किल्ली फिरवली तेव्हा अकराला पाच कमी होते.