आमच्या गिल्डची नियमावली कशी तयार झाली: माझा अनुभव

आमच्या गिल्डला, म्हणजे ऑनलाइन गेम एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटाला, सुरुवातीला एकच नियम होता: आचरटपणा करायचा नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकचे, म्हणजे त्या गेमच्या जुन्या रूपातल्या आवृत्तीचे, सर्व्हर उघडले तेव्हा आम्ही मोजकी मंडळी होतो आणि तेवढ्यावर भागत होतं. कोणी वाकडं बोललं की गिल्ड मास्टर त्याला बाजूला घेऊन समजवायचा, विषय मिटायचा. पण क्लासिकमधल्या मोठ्या रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठे शत्रू (बॉस) मारायच्या मोहिमेला, ४० माणसं लागतात आणि दर आठवड्याला ४० हजर हवीत तर यादीत साठेक तरी लागतात. साठ जणांत आचरटपणा कशाला म्हणायचं यावर एकमत होत नाही. एकाला जी मस्करी वाटते ती दुसऱ्याच्या जिव्हारी लागते, आणि मधल्या मध्ये ऑफिसर लोकांची, म्हणजे गिल्ड मास्टरच्या हाताखाली कारभार बघणाऱ्यांची, झोप उडते.

माझी तर आधीच उडालेली होती. मी ठाण्याची, गिल्ड युरोपातल्या सर्व्हरवरची. रेड सर्व्हरच्या वेळेनुसार रात्री ८ला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की साडेबारा. घरचे झोपलेले, मी माइकवर दबक्या आवाजात. प्रीस्ट खेळायचे, म्हणजे हीलर, बाकीच्यांना बरं करणारी. हीलरला एक फायदा असतो. सगळ्यांच्या तब्येतीच्या पट्ट्यांकडे लक्ष ठेवता ठेवता कोण कोणाशी कसं वागतं तेही दिसत राहतं. ऑफिसर झाले ती त्यामुळेच असावी.

नियम लिहून काढायचे ठरलं ते एका लुटीवरून, म्हणजे बॉस मेल्यावर मिळालेल्या वस्तूवरून. मोल्टन कोअर या रेडमध्ये गार आणि बॅरन गेडन हे दोन बॉस आहेत. दोघांकडून बाइंडिंग नावाचा एकेक तुकडा मिळतो, आणि दोन्ही जमली तरच पुढे थंडरफ्युरी ही तलवार बनवता येते. बाइंडिंग फार क्वचित पडतं. कित्येक गिल्ड महिनोन्‌महिने रेड करूनही कोरड्या राहतात. आमच्याकडे गेडनचं पडलं आणि व्हॉइसवर एकच गलका उडाला. रिवाज असा की ते मुख्य टँकला, म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणाऱ्याला, द्यायचं, कारण त्या तलवारीमुळे बॉसचं लक्ष टँकवर टिकून राहतं आणि बाकीच्यांना मोकळेपणाने मारता येतं. पण रिवाज कागदावर कुठेच नव्हता. एक रोग (Rogue, लपूनछपून वार करणारं पात्र) खेळणारा म्हणाला, पहिल्या दिवसापासून एकही रेड चुकवली नाही, माझा हक्क. दुसरा म्हणाला, फासे टाका. वस्तू उचलली की ती त्या पात्राला चिकटते. उचलल्यानंतर दोन तास त्याच रेडमधल्या माणसाला देता येते, पुढे नाही. ते दोन तास आम्ही भांडण्यात घालवले. शेवटी तुकडा टँकलाच गेला. रोग त्याच रात्री गिल्ड सोडून गेला, जाताना दोन मित्रांनाही घेऊन गेला.

गेम बनवणाऱ्या कंपनीकडे दाद मागता येत नाही का, असं नवखे लोक विचारतात. शिवीगाळ, सोन्याची पैसे घेऊन विक्री, असल्या गोष्टींची तक्रार नावावर उजवं क्लिक करून करता येते. लूट कशी वाटायची हा मात्र गिल्डचा घरगुती मामला, त्यात कंपनी सहसा पडत नाही. नियम आपले आपणच करायचे.

मी आधी चार गिल्डच्या नियमावल्या वाचल्या. बहुतेकींत ‘सर्वांशी आदराने वागा’ हे मोठ्या अक्षरात आणि पुढे तारे. वाचायला छान. पण रात्री दीड वाजता, बॉसवर सारखे मरून सगळे वैतागलेले असताना, त्या वाक्याचा उपयोग शून्य. आदराने वागला नाही हे ठरवणार कोण? कधीपर्यंत? आणि ज्याने ठरवायचं त्याच्याविरुद्धच तक्रार असेल तर? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून जो गोंधळ होतो त्याचं मूळही हेच: नियम आहे, पण तो लागू कोणी करायचा हे कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून मसुदा उलट्या बाजूने लिहायला घेतला. तक्रार कोणाकडे द्यायची, तिथून सुरुवात. कोणत्याही ऑफिसरकडे. ऑफिसरविरुद्ध असेल तर गिल्ड मास्टरकडे. गिल्ड मास्टरविरुद्ध असेल तर दोन ऑफिसरांनी मिळून ऐकायची आणि त्या दोघांपैकी कोणी त्याचा जुना दोस्त नसावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला आरोप काय आहे ते सांगायचं, त्याचं म्हणणं घ्यायचं. निर्णय पुढच्या रेडच्या आत. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट द्यायचा तर आधीच्या ओळींसकट, नुसती सोयीची ओळ कापून नाही. गेममध्ये चॅटलॉग सुरू करायची आज्ञा दिली की सगळं बोलणं लॉग्ज फोल्डरमधल्या एका फाइलीत उतरत जातं. ही गोष्ट निम्म्या लोकांना माहीतच नव्हती.

लुटीचं कलम सोपं गेलं. कोणती वस्तू कोणाला, हे रेडच्या आधी तक्त्यात. ड्रॅगन किल पॉइंट्सची, म्हणजे रेड करून गुण कमवायचे आणि ते खर्चून वस्तू घ्यायच्या ही पद्धत एव्हरक्वेस्ट या जुन्या ऑनलाइन गेमच्या काळापासून चालत आलेली आहे, पण तिच्यात जुने लोक गुण साठवून बसतात आणि नव्याला वर्षभर काही मिळत नाही, म्हणून आम्ही ती घेतली नाही. सामायिक मालासाठीही कलम करावं लागलं. मूळ गेममध्ये गिल्ड बँक, म्हणजे गिल्डची सामायिक तिजोरी, आली २००७मध्ये, आणि क्लासिक त्याआधीच्या रूपातला, त्यामुळे त्यात ती नव्हती. औषधं, फ्लास्क, सोनं असं सगळं कोणा एका ऑफिसरच्या दुसऱ्या पात्राच्या पिशव्यांत पडून असायचं. सगळा विश्वासाचा कारभार. आम्ही माल दोघांत वाटला आणि हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवला. त्या ऑफिसरला राग आला. चोर समजता काय, म्हणाला. चोर समजत नव्हतो, पण त्याचं इंटरनेट बंद पडलं की अख्खी गिल्ड फ्लास्कविना बसायची हे खरं होतं.

खरी जुंपली ती भाषेवरून. गिल्ड चॅटमध्ये फक्त इंग्रजी, असा प्रस्ताव होता. गिल्डमधली ग्रीक मंडळी उसळली. मला त्यांचं पटत होतं, कारण मी आणि नागपूरचा एक वॉरियर आपसात मराठीतच बोलायचो आणि ‘अबे बस कर ना बे’ या वाक्याची मजा इंग्रजीत येत नाही. पण ग्रीक चॅटमध्ये कोणावर तरी हसणं चाललंय असं बाकीच्यांना वाटायचं, आणि एकदोनदा ते खरंही निघालं होतं. तोडगा असा निघाला: सामायिक चॅटमध्ये आणि रेडच्या व्हॉइसवर इंग्रजी, बाकी खाजगीत जी हवी ती भाषा. मत घेतलं, काठावर पास झालं.

माझ्या मते त्या नियमावलीतलं सगळ्यात कामाचं कलम वेगळंच होतं, आणि त्याच्यावर कोणी वादही घातला नाही. बॉस चालू असताना व्हॉइसवर फक्त रेड लीडर आणि ठरलेल्या सूचना. चुका काढायच्या त्या नंतर, आणि त्या लीडरने किंवा त्या क्लासच्या, म्हणजे पात्राच्या त्या प्रकाराच्या, प्रमुखाने. म्हणजे मेजने (Mage, जादूने मारा करणारं पात्र) हीलरला खेळायला शिकवायचं नाही.

हे कलम लागू करायची वेळ आली ती नेमकी आमच्या सगळ्यात चांगल्या मेजवर. ब्लॅकविंग लेअर ही पुढची रेड २०२०च्या फेब्रुवारीत खुली झाली. त्यातला दुसरा बॉस वेलास्ट्राझ. हा अधूनमधून एकेकाला बर्निंग ॲड्रेनलिन नावाचा शाप देतो. शाप लागला की तुमचा मारा दुप्पट होतो, पण आयुष्याची कमाल मर्यादा दर सेकंदाला घटत जाते आणि शेवटी स्फोट होऊन आजूबाजूचेही मरतात. करायचं एवढंच की उठून गर्दीपासून लांब पळायचं. आमचा मेज पळायचा नाही. दुप्पट माऱ्याचे ते सेकंद त्याला डॅमेज मीटरवर, म्हणजे कोणी किती मारा केला ते दाखवणाऱ्या यादीत, पहिलं राहायला हवे असायचे. स्फोट झाला, चारपाच जण गेले, आणि हा व्हॉइसवर एका ड्रुइडवर, म्हणजे आमच्यातल्या एका हीलरवर, ओरडला. कमाल मर्यादाच घटत असते तिथे कोणताही हीलर काही करू शकत नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं. ती ड्रुइड बाई आहे हेही माहीत होतं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच होतं. रेडनंतर तिला खाजगीत आलेले मेसेज मी इथे देत नाही.

तक्रार माझ्याकडे आली. दुसरा ऑफिसर घेतला तो मुद्दाम मेजच्या गोटाबाहेरचा. आधी तिच्याशी बोललो, मग त्याच्याशी. तो म्हणाला, रेडच्या भरात तोंडातून निघून गेलं. व्हॉइसवरच्या ओरडण्यापुरतं ते मान्य केलं असतं. खाजगी मेसेज मात्र रेड संपल्यावर, गोष्टी थंड झाल्यावर लिहिलेले होते, आणि खाजगी मेसेजही नियमात धरले जातील हे आम्ही स्पष्ट लिहून ठेवलं होतं. त्यावर त्याचा युक्तिवाद: ते नियम मी नीट वाचले नव्हते. त्याच्या होकाराची खूण डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर त्याच नियमांखाली होती.

गिल्ड मास्टरची भीड आडवी आली. मेजशिवाय नेफेरियन, म्हणजे त्या रेडचा शेवटचा बॉस, पडणार नाही, म्हणाला. एक ऑफिसर तर सरळ म्हणाला की ड्रुइड दुसरी मिळेल, असा मेज मिळणार नाही. मी त्यांना फक्त यादी उघडून दाखवली: मागच्या काही महिन्यांत कारण न सांगता गिल्ड सोडून गेलेले हीलर. त्यातल्या दोघींना मी विचारलं होतं. दोघींनी याचंच नाव घेतलं होतं, पण तेव्हा तक्रार द्यायची कुठे हेच ठरलेलं नव्हतं. यावर चर्चा थांबली. निर्णय झाला: त्याचा हुद्दा उतरवायचा, पुढच्या दोन रेड बाहेर बसायचं आणि तिला पुन्हा खाजगीत मेसेज केला तर थेट बाहेर. निर्णय त्याला लेखी दिला, गिल्डला फक्त एवढंच सांगितलं की तक्रार आली होती आणि नियमाप्रमाणे निकाल लागला. तिचं नाव कुठेही नाही.

तो बाहेर बसला नाही, गिल्डच सोडून गेला. त्याच्यामागून तिघे गेले. त्या आठवड्याची रेड आम्ही बाहेरचे लोक भरून कशीबशी काढली. नेफेरियन काही पडला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. गिल्ड चॅटमध्ये टोमणे आले: नियम घ्या आता बॉस मारायला. त्यानंतर पडला, फार सुंदर खेळलो असंही नाही, पण पडला, आणि वेलास्ट्राझला शाप लागलेला माणूस न सांगता पळत होता. जुन्या दोन हीलरपैकी एक परत आली.

२०२२मध्ये कंपनीनेच गेममध्ये एक सामाजिक करार आणला. खेळायच्या आधी तो मान्य करावा लागतो. मी तो उत्सुकतेने वाचला. चांगला आहे, पण आदराने वागा, एकमेकांना मदत करा, त्याच सुरातला. लाखो लोकांसाठी लिहायचं तर असंच लिहावं लागत असेल. साठ जणांसाठी लिहिताना त्या रोगचा, त्या ड्रुइडचा चेहरा समोर ठेवता येतो.

काही महिन्यांनी मेजचा परत येण्यासाठी अर्ज आला. नियमावलीत परत घेण्याबद्दल काहीच नव्हतं, म्हणून आधी ते कलम लिहिलं: ज्याच्यामुळे त्रास झाला त्या व्यक्तीला विचारायचं, तिने नाही म्हटलं तर कारण मागायचं नाही. ड्रुइडला विचारलं. तिने नाही म्हटलं. मी त्याला कळवलं की सध्या जागा नाही. दुसऱ्या ऑफिसरने ते वाचलं आणि म्हणाला, खोटं का लिहितेस, खरं लिही. मग दुरुस्त करून लिहिलं की मागच्या तक्रारीमुळे अर्ज नाकारला आहे. त्याने उत्तरात एक शिवी पाठवली. ती मी नोंदीत जोडून ठेवली, स्क्रीनशॉट आधीच्या ओळींसकट.