नातं : इतर

सॅक्रामेंटोत येऊन सात वर्षं झाली. त्यातली शेवटची तीन मी एका मानसिक आरोग्याच्या कंपनीत एचआर सांभाळतेय. आले तेव्हा एकोणीस थेरपिस्ट होते आणि सगळ्यांचे वाढदिवस मला पाठ होते. आता शंभराच्या वर आहेत, शुभेच्छांचा मेल सॉफ्टवेअरच पाठवतं.

पुण्यात आयटीत होते तेव्हा माणूस सोमवारी रुजू झाला की पुढच्या सोमवारी कामाला लागलेला असायचा. इथे तसं नाही. कॅलिफोर्नियाचं लायसन्स कॅलिफोर्नियापुरतंच. नेवाडाची हद्द गाडीनं दोन तासांवर आहे, पण पेशंट तिकडे राहायला गेला तर त्याच्याशी व्हिडिओवर बोलायलाही साधारणपणे तिथलं लायसन्स लागतं. मुळात कॅलिफोर्नियाचं लायसन्स मिळायच्या आधीच देखरेखीखाली ३,००० तास काम केलेलं असावं लागतं. मग प्रत्येक विमा कंपनीच्या यादीत नाव चढवायचं, त्याला क्रेडेन्शियलिंग म्हणतात, आणि त्यात तीन-चार महिने सहज जातात. तोवर त्या थेरपिस्टचा पगार चालू आणि बिल शून्य. पैसे लावणारे दर तिमाहीला विचारतात, 'इतकी माणसं घेतली, मग आकडा का हलत नाही?' दर तिमाहीला मी तेच उत्तर देते.

आकडा म्हणजे तास. आणि इथे तासही साठ मिनिटांचा नसतो. विम्याच्या बिलात ९०८३७ हा कोड लावायचा तर पेशंटबरोबर किमान ५३ मिनिटं झाली पाहिजेत. ५२ झाली की कोड ९०८३४, पैसे कमी. आमच्या थेरपिस्टना मिनिटांचं इतकं अचूक भान असतं, की लग्नाचा मुहूर्त गाठायला त्यांनाच न्यावं.

फेब्रुवारीत त्या पहिल्या एकोणिसांपैकी एक जण माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला रजा टाकायची आहे, पण फॉर्म पुढे जात नाहीये."

घरातलं कुणी गेलं तर घ्यायच्या रजेचा तो फॉर्म. २०२३ पासून कॅलिफोर्नियात कायद्यानं पाच दिवस मिळतात, मात्र पगारी असलेच पाहिजेत असं नाही. फॉर्ममध्ये 'नातं' असा रकाना, त्यात निवडायला यादी : जोडीदार, मूल, आईवडील, भावंड, आजी-आजोबा, नातवंड, सासू-सासरे. काहीतरी निवडल्याशिवाय खालचं बटण उजळत नाही.

मी विचारलं, "कोण गेलं?"

ती गप्प. मग म्हणाली, "माझ्याकडे चार वर्षं कुणीतरी येत होतं. मंगळवारी, तीन वाजता."

याहून जास्त ती सांगू शकत नव्हती. पेशंट गेला तरी गुप्तता संपत नाही, आणि एचआरला नाव कळायचं काही कारणच नाही. काय झालं ते मी विचारलं नाही. मनात हिशेब मात्र झाला. दर आठवड्याला एकदा, चार वर्षं, म्हणजे जवळजवळ दोनशे वेळा. माझ्या सख्ख्या आत्याशी मी आयुष्यात तेवढं बोलले नसेन, आणि आत्या गेली तेव्हा सुट्टी मागताना मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मी सुचवलं, सिक लीव्ह टाक. ती म्हणाली, "मी आजारी नाहीये." मग मी आमच्या समुपदेशन योजनेचं पत्रक पुढे केलं : कर्मचाऱ्यांसाठी बाहेरच्या थेरपिस्टकडे मोफत सेशन. तिनं यादी पाहिली आणि पहिल्यांदाच थोडी हसली. तिघांना ती कॉलेजपासून ओळखत होती, चौथ्याचा आमच्याकडे नोकरीसाठी अर्ज आलेला होता. गावात न्हाव्यानं कुणाकडे केस कापायचे, तशातली गत.

त्या रात्री साताऱ्याला आईशी बोलताना, कुणाचं काहीही ओळखू येणार नाही एवढंच सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे तिला सुतक नाही?" मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "आपल्याकडे तरी काय? जन्मभर पलीकडच्या आळीतल्या भाऊबंदांचं तोंड पाहत नाहीत, पण त्यांचं दहा दिवस. लेकीला मात्र आईबापाचं तीन दिवस, लग्न झालं म्हणून." यादी बनवणारा सगळीकडे एकाच जातीचा असावा.

मालकांशी बोलले. वाईट माणूस नाही, स्वतः वीस वर्षं पेशंट पाहिलेत. पण म्हणाले, "शंभर थेरपिस्ट, प्रत्येकाकडे पंचवीस-तीस पेशंट. उद्या प्रत्येकानं मागितली तर?" मी म्हटलं, मागू देत. एकोणीस जण असताना असा दिवस आला असता तर तुम्ही स्वतःच तिचे पेशंट दोन दिवस सांभाळले असते, तेव्हा धोरण लागलं नसतं. ते बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. शेवटी ठरलं : दोन दिवस पगारी, नाव नाही, कारण नाही, आणि यादीत आणखी एक पर्याय, 'इतर'. तो एक शब्द घालायला सॉफ्टवेअरवाल्यांनी पाच आठवडे घेतले. तोवर ती कामावर परतली होती. ते दोन दिवस मी हातानंच टाकले.

तिनं एकच मागितलं होतं. मंगळवारची तीनची वेळ इतक्यात कुणाला देऊ नका.

सोमवारी सकाळी रिकाम्या वेळांचा अहवाल येतो. भरलेल्या चौकटी हिरव्या, रिकाम्या लाल, आणि प्रत्येक लाल चौकटीसमोर कारण लिहावं लागतं. तिची ती चौकट अजून लाल आहे. मी 'इतर' निवडते आणि पुढच्या ओळीवर जाते.