इटली, चार शहरं, आणि आधी सोमवार

शनिवार, रात्री

ताई-भावजींनी इटलीच्या सहलीच्या बेताचा कागद पाठवलाय. बरोबर भावजींचे आई-बाबा, म्हणजे चौघं. दहा रात्री आणि सात शहरं: मिलान, व्हेरोना, व्हेनिस, फ्लोरेन्स, सिएना, रोम, नेपल्स. वाचायला झकास. पण यात गाडीचे तासच मोजलेत. व्हेनिस ते फ्लोरेन्स सव्वादोन तास हे खरं, पण सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, दुपारी दोन-तीनशिवाय नवी मिळत नाही, मध्ये बॅगा सांभाळायच्या. शहर बदललं की अर्धा दिवस गेलाच.

मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम ही चार ठेवली. मिलानला उतरायचं, रोमहून परतायचं. येण्याजाण्याचं विमान एकाच शहराचं घेतलं तर शेवटी पुन्हा तीन-साडेतीन तास उलटं यावं लागतं. व्हेरोना गळलं, वाईट वाटलं. सिएना आणि नेपल्स मुक्कामाशिवाय, दिवसभराची फेरी म्हणून जमली तर.

आता सोमवार. शहरांचा क्रम नकाशा देतो, पण कुठल्या वारी कुठे असायचं ते संग्रहालयांच्या सुट्ट्या ठरवतात. फ्लोरेन्सची उफीत्सी आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद. मिलानमधलं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन'ही सोमवारी बंद, आणि एरवीही आधी आरक्षण लागतं. थोड्याच लोकांना आत सोडतात, तेही पंधरा मिनिटांसाठी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्यातला शेवटचा रविवार तेवढा अपवाद, त्या दिवशी प्रवेश फुकट आणि रांग अफाट. व्हेनिसचा दोजेंचा, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यप्रमुखांचा राजवाडा, रोमचं कोलोसियम आणि नेपल्सजवळचे पॉम्पेईचे अवशेष मात्र सोमवारी उघडे.

म्हणून असं बसवलं: गुरुवारी मिलान, दोन रात्री. शनिवारी सकाळी व्हेनिस, दोन रात्री. सोमवारी दुपारपर्यंत व्हेनिस बघून संध्याकाळी फ्लोरेन्स, तीन रात्री. गुरुवारी रोम, तीन रात्री. शुक्रवारी व्हॅटिकन, रविवारी विमान. सोमवार गाडीत आणि व्हेनिसमध्ये खपला, कुठलंच दार बंद मिळणार नाही.

रविवार

आज स्टेशनं. हॉटेल ठरवण्याआधी हे बघावं, उलटं केलं की फसतं.

व्हेनिसला दोन स्टेशनं. मेस्त्रे जमिनीवर आणि सांता लुचिया पाण्यातल्या खऱ्या व्हेनिसमध्ये, मध्ये दहा-बारा मिनिटांचा पूल. मेस्त्रेला हॉटेलं स्वस्त, त्यामुळे सगळे तिकडे वळतात. दोन रात्रींसाठी मला ते पटत नाही. पहाटेचं आणि रात्री उशिराचं व्हेनिस, जे गर्दी ओसरल्यावर दिसतं, तेच हातचं जातं. पण आत राहायचं तर पायऱ्यांचे पूल आहेत. सांता लुचियातून बाहेर पडलं की समोर मोठा कालवा आणि उजवीकडे-डावीकडे न बघता सगळे ज्यावर चढतात तो स्काल्झी पूल. तो चढायचाच नाही. स्टेशनमधून डावीकडे लिस्ता दी स्पान्या हा सपाट रस्ता लागतो, गुलिए पुलापर्यंत एकही पायरी नाही. आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी हॉटेल याच पट्ट्यात. सान मार्कोच्या मुख्य चौकात जायला स्टेशनसमोरून एक नंबरची बोट. एक फेरी साडेनऊ युरो, तिकीट 75 मिनिटं चालतं. दिवसात तीनदा बसणार असाल तर दिवसाचा पास काढलेला बरा.

मिलानला विमानतळाची मालपेन्सा एक्सप्रेस चेंत्राले या मुख्य स्टेशनला जाते आणि कादोर्नालाही. शनिवारची व्हेनिसची गाडी चेंत्रालेहून, तेव्हा चेंत्रालेचीच पकडायची. फ्लोरेन्सचं स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला, रोमचं तेर्मिनी. तिकीट काढताना फिरेन्झे (म्हणजे फ्लोरेन्स) कांपो दी मार्ते किंवा रोमा तिबुर्तिना दिसलं तर थांबायचं, ती बाजूची स्टेशनं.

पिसाची फेरी करायची तर फ्लोरेन्सहून साध्या गाडीने तासभर. मनोरा पिसा चेंत्रालेपेक्षा सान रोस्सोरे स्टेशनला जवळ आहे. सिएनाला मात्र बसच बरी, रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी पडतं.

सोमवार

तिकिटांचं. इथे वेटिंग, आरएसी असलं काही नाही. गाड्या दोन जातींच्या आहेत आणि त्यांचे नियम उलटसुलट आहेत, एवढं डोक्यात बसलं की झालं.

पहिली जात वेगवान: सरकारी फ्रेच्चारोस्सा आणि 2012 पासून धावणारी खासगी इतालो. आरक्षण सक्तीचं, भाडं विमानासारखं वर चढत जाणारं. सरकारी गाडीत सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण बदल नाही, परतावा नाही. इकॉनॉमीत सुटण्याआधी फरक भरून बदल होतो, पैसे परत मिळत नाहीत. बेस महाग, पण बदल फुकट आणि रद्द केलं तर 20 टक्के कापून उरलेले परत. म्हणून क्रम: विमान आणि रद्द करता येणारी हॉटेलं, मग व्हिसा, मग स्वस्त तिकिटं. अर्जासोबत शहरांमधल्या प्रवासाचा पुरावा जोडायचाच असेल तर बेस काढावं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. विमा किमान 30,000 युरोंचा. तिकिटांसाठी शेवटचा आठवडा गाठला तर तेच भाडं दुप्पट-तिप्पट दिसेल.

दुसरी जात रेजोनाले, म्हणजे आपली पॅसेंजर. भाडं ठरलेलं, सीट नंबर नाही, आधी काढून काही वाचत नाही. कागदी तिकीट फलाटाजवळच्या यंत्रात घालून शिक्का मारायचा, मग ते चार तास चालतं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड, आणि 'आम्ही परदेशी' हे तिथे कुणी ऐकत नाही. फोनवरचं तिकीट असेल तर चेक-इन झालंय ना, ते चढण्याआधी बघायचं. वेगवान गाडीच्या तिकिटाला यातलं काही लागत नाही.

भावजींना युरेल, म्हणजे युरोपभरच्या रेल्वेचा पास हवाय. तीन लांबचे प्रवास, त्यातही फ्रेच्चारोस्साला पासवर वेगळे आरक्षणाचे पैसे, आणि इतालोत पास चालतच नाही. नको.

मंगळवार

स्टेशनवरच्या फलकाबद्दल चार ओळी लिहून पाठवल्या, कारण पहिल्या दिवशी गोंधळ इथेच होतो. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन असतं, आपलं नाही. व्हेनिसहून फ्लोरेन्सला जाणाऱ्या गाडीपुढे रोमा किंवा नापोली (म्हणजे नेपल्स) लिहिलेलं असणार, 'फ्लोरेन्स' शोधत बसलं तर गाडी निघून जाईल. जुळवायचा तो गाडीचा नंबर आणि वेळ. बिनारिओ म्हणजे फलाट, तो बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो. कारोत्सा म्हणजे डबा, पोस्तो म्हणजे सीट. रितार्दो दिसलं तर गाडी लेट, सोप्रेस्सो दिसलं तर रद्द. भिंतीवरचे छापील तक्तेही बघावेत: पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा, आणि पिवळ्यावर मधली स्टेशनंही असतात.

खिडकीची सीट मिलान-व्हेनिसला मागा. बोलोन्या ते फ्लोरेन्स जवळजवळ सगळे बोगदेच.

संप हा वेगळा विषय. निदान दहा दिवस आधी जाहीर होतो, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात 'शोपेरो' आणि तारीख टाकून शोधायचं. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 रेजोनाले गाड्या हमखास असतात, आणि काही ठरावीक लांबच्या गाड्याही. त्यांची यादी रेल्वेच्या साइटवर असते.

शनिवारी पॉम्पेई करायचंच म्हणाले तर रोम-नापोली सव्वा तास. तिथून दुसऱ्याच कंपनीची चिर्कुमवेसुवियाना ही लोकल, नापोली चेंत्रालेच्या खालच्या गारिबाल्दी स्थानकातून, उतरायचं पॉम्पेई स्कावीला. नुसतं 'पॉम्पेई' हे सरकारी रेल्वेचं वेगळं स्टेशन. डबे जुने, उन्हाळ्यात तुडुंब, पाकीटमारांचं आवडतं ठिकाण. आई-बाबांना त्या दिवशी रोममध्येच ठेवावं.

रविवारी तेर्मिनीहून विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस: 32 मिनिटं, माणशी 14 युरो. चौघांचे 56 होतात, आणि जुन्या तटबंदीच्या आतून टॅक्सीचा ठरवून दिलेला दर त्याच घरात आहे. चार बॅगा हॉटेलच्या दारातून उचलल्या जातात, म्हणून टॅक्सी लिहिली. फक्त ती पांढरी, महापालिकेच्या परवान्याची असावी, आणि बसण्याआधी ठरीव दरच ना, हे विचारून घ्यावं.