आर्वी ते नागपूर अन् परत: क्वाडसाठी फूटपेग आणि नर्फ बार शोधायला गेलो त्याचा वृत्तांत

दसऱ्याच्या आधीची गोष्ट आहे, वावराच्या मागच्या नाल्यातून क्वाड (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची गाडी, म्हणजेच एटीव्ही) काठावर चढवत होतो आणि डावा पाय पेगवरून, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यावरून, सटकला. पेगवर काळ्या मातीचा गोळा बसला होता, बूट त्याच्यावरून सरकला, टू-व्हीलरच्या सवयीनं मी पाय खाली टेकवला आणि गाडी पुढं जात होती म्हणून मागचं चाक सरळ टाचेवरून पोटरीवर चढलं. घोट्याच्या वर येणारा जाड बूट होता म्हणून हाड वाचलं. पोटरी मात्र महिनाभर काळीनिळी होती, सरकीचं पोतं उचलायचं म्हटलं तरी कळ यायची. ज्यांनी नवीन नवीन स्पोर्ट एटीव्ही घेतली आहे त्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो, क्वाडवर पाय खाली टेकवायचा नाही, कधीच नाही, गाडी कलंडते आहे असं वाटलं तरी नाही. आणि पाय चुकून गेलाच तर त्याला अडवायला खाली काहीतरी पाहिजे. ते काहीतरी म्हणजे नर्फ बार.

बऱ्याच लोकांना वाटते नर्फ बार म्हणजे बुलेटच्या लेगगार्डसारखी शोभेची वस्तू. तसं नाही. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे जी मोकळी जागा असते तिथं हा पाईपचा सांगाडा बसतो, मधे पट्ट्यांची जाळी असते. पाय पेगवरून निसटला तर जाळीवर पडतो, जमिनीवर नाही. दुसरं काम म्हणजे शेजारून दुसरी क्वाड आली तर तिचं चाक आपल्या दोन चाकांच्या मधे घुसत नाही, चाकात चाक अडकलं की गाडी उलटलीच समजा. अमेरिकेत एटीव्ही मोटोक्रॉसच्या रेसमधे नर्फ बारशिवाय उतरू देत नाहीत ते याच्यासाठीच.

तर नोव्हेंबरचा शनिवार. सोयाबीन निघालेलं, कापसाचा पहिला वेचा चालू, पांदणीत बैलबंड्यांची गर्दी. मामेभावाची यामाहाची रॅप्टर ७०० आणि माझी चायनीज २५० सीसीची, दोन्ही क्वाड बोलेरो पिकअपमधे चढवल्या. क्वाड रोडवर चालवायला पासिंग नाही, म्हणून गाडीत टाकूनच न्यायची, हायवेवर चालवत न्यायचा विचारही करू नका. बांधताना चार पट्टे लावा, फ्रेमला किंवा ए-आर्मला (चाक फ्रेमला जोडणारा दांडा), हँडलला बांधू नका. रॅप्टर एकशे नव्वद किलोच्या आसपास, ती सरकली तर पिकअपचा फाळका तोडून बाहेर येईल. आर्वीवरून तळेगाव, तिथून अमरावती-नागपूर हायवे, मग कारंजा, कोंढाळी असं करत दहापर्यंत नागपूर. गाडी सावलीत लावली, तर्री पोहे हाणले, मग दुकानं.

नागपुरात स्पोर्ट क्वाडचा रेडीमेड नर्फ बार तयार मिळेल या आशेवर जाऊ नका, आम्हाला कुठंच मिळाला नाही. एका दुकानात गुळगुळीत काळा अॅल्युमिनियमचा सेट दाखवला आणि दुकानदार म्हणे, “सगळ्या क्वाडला बसते भाऊ.” सगळ्या क्वाडला बसणारा नर्फ बार नसतोच. प्रत्येक मॉडेलची फ्रेम वेगळी, भोकं वेगळी, पेगचा माउंट वेगळा. नावं सारखी असली तरी भरोसा नाही, यामाहाची २००४ ला आलेली वायएफझेड ४५० आणि २००९ ची वायएफझेड ४५० आर या दोन्हींची चेसी एकदम वेगळी आहे, एकीचा सेट दुसरीला लागत नाही. म्हणून बाहेरून मागवणार असाल तर मॉडेलसोबत वर्षसुद्धा सांगा आणि आधी स्वतः मेजर टेपनं बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या. आम्ही त्या काळ्या सेटवर टेप लावला, माझ्या गाडीपेक्षा अडीच इंचांचा फरक निघाला. नाही घेतला. मामेभावाचं सोपं आहे, रॅप्टर ७०० ही २००६ पासूनची गाडी, तिच्यासाठी बाहेर भरपूर कंपन्यांचे सेट मिळतात. पण नर्फ बार लांबरुंद वस्तू, पाठवणावळ जबर बसते. पेग मात्र कुणाच्याही बॅगेत येऊन जातो, त्यानं दुबईहून येणाऱ्या ओळखीच्या माणसासोबत पेगच आधी मागवून घेतले.

पेगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पाय तिथंच सटकतो. माझा कंपनीचा पेग मोजला तर सव्वा इंच रुंद, वरून रबर. कोरड्यात ठीक, पण आपल्या काळ्या मातीत रबर म्हणजे तुपाचं बोट. पेग दोन ते सव्वादोन इंच रुंद पाहिजे, मधून आरपार मोकळा पाहिजे म्हणजे माती खाली पडून जाते, आणि कडेला दाते पाहिजेत. खालून बंद पत्रा असलेला पेग घेऊच नका, कितीही भारी दिसला तरी, दोन चकरांत त्याची वीट होते. दाते धारदार असतात, नडगीला लागले तर चामडी सोलून निघते, म्हणून चपलेवर किंवा साध्या जोड्यावर असा पेग वापरू नका.

मला हिमालयन आणि एक्सपल्सवाले लावतात तसले रुंद पेग मिळाले, बाइकचेच. त्यात दोन प्रकार होते, अॅल्युमिनियम आणि स्टील. अॅल्युमिनियम हलका, दिसायलाही छान, पण मला पेगचा बेस फ्रेमच्या ब्रॅकेटला वेल्ड करायचा होता आणि अॅल्युमिनियम लोखंडाला वेल्ड होत नाही. शिवाय आपल्या नाल्यातल्या दगडावर आपटलं तर अॅल्युमिनियम तडकते, लोखंड वाकते आणि हातोड्यानं सरळ होते. गावात राहणाऱ्यानं लोखंडच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. बाइकचा पेग फोल्ड होतो, क्वाडवर त्याची गरज नाही, म्हणून नंतर त्यात आडवा बोल्ट घालून पक्का करून घेतला.

परत येताना कारंज्याजवळ ट्रॉली आणि वखर बनवणारे एक वेल्डर काका आहेत, त्यांच्याकडं थांबलो. काकांनी क्वाडभोवती दोन चकरा मारल्या अन् विचारलं, “हे काऊन करून राहिला भाऊ, साडीगार्ड आहे का?” मी पोटरी दाखवली. मग त्यांना सगळं समजलं, त्यानंतर एक शब्द जास्त बोलले नाहीत. सव्वा इंची एमएस (साध्या लोखंडाचा) पाईप घेतला. पाईप नुसता वाकवला तर वळणावर चपटा होतो, म्हणून काकांनी आत कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडाला लाकडाचे बुच ठोकले, लाल होईपर्यंत तापवला आणि जुन्या रिमवर हळूहळू वळवला. वळण इतकं गोल आलं की हात फिरवत राहावं वाटे. वाळू आधी तव्यावर भाजून घेतली होती, ओली राहिली तर वाफ होऊन बुच गोळीसारखा उडतो म्हणे. तुम्ही कुठं बनवून घेतला तर हे बघून घ्या आणि बुचाच्या समोर उभं राहू नका.

सांगाडा तीन ठिकाणी पकडला, पुढं फ्रेमला खालच्या ए-आर्मजवळ, मधे पेगच्या बोल्टावर, मागं फ्रेमला. फ्रेमला थेट वेल्ड करू दिलं नाही, मधे पट्टीचं ब्रॅकेट आणि बोल्ट ठेवले. जोरात ठोकर बसली तर ब्रॅकेट वाकावं, फ्रेम नाही.

जाळीसाठी विकतच्या पट्ट्या शोधत बसलो नाही. घरी बाबांनी नायलॉनची नवार घेतली आणि खाटेसारखी विणून दिली, एक उभी एक आडवी, ताण असा की वरून अंगठा दाबला तर अर्धा इंचसुद्धा दबत नव्हता. नवार ढिली असली की पाय झोळीत गेल्यासारखा खाली जातो आणि टायरला लागतोच, मग जाळीचा उपयोग काय. सायलेन्सरच्या बाजूला मात्र चार बोटं जागा सोडा, नायलॉन वितळते. टाचेच्या मागं एक छोटं पत्र्याचं हील गार्ड पण लावलं, मागच्या टायरपासून टाच वाचवायला.

रविवारी सकाळी चाचणी. चालवायच्या आधी हे करा, मी केलं म्हणून वाचलो. हँडल पूर्ण डावीकडं वळवलं, मामेभाऊ पुढं बसून सस्पेन्शन दाबत राहिला, आणि टायर नर्फ बारच्या पुढच्या वळणाला घासला. सरळ उभी गाडी बघितली तर तिथं बोटभर जागा दिसत होती. परत कारंज्याला गेलो, वळण दीड इंच मागं घेतलं, दुपार तिथंच गेली. उजवीकडंही बघा, मागच्या चाकाचं वर-खाली होणं पण बघा. सोबतच ब्रेकच्या पेडलची उंची परत सेट करा कारण पेग जाड झाला की पायाचा कोन बदलतो, बूट घालून गिअर पडतो का ते बघा, आणि ऑइल काढायच्या बोल्टापर्यंत पान्हा जातो का तेही. सगळ्या बोल्टांना निळं लॉकटाईट लावा, बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा डिंक तो.

जागेचं पण सांगून ठेवतो. आम्ही फिरतो ते स्वतःच्या वावरात, पांदणीत आणि गावाच्या नाल्यात, तेही पीक निघाल्यावर, कुणाच्या धुऱ्यावरून जायचं तर आधी विचारून. आमच्या जिल्ह्यात बोरचं जंगल २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, जंगलाच्या बाजूला क्वाड घेऊन जाऊ नका. आणि पऱ्हाटी उभी असलेल्या वावरात तर अजिबात नाही, पिकाचं नुकसान होतेच, वरून पऱ्हाटीची काडी जाळीत घुसून बुटात अडकते.

संध्याकाळी त्याच नाल्यात गेलो, त्याच चढावर. दोनदा चढलो, पाय पेगवर घट्ट. तिसऱ्यांदा अर्ध्यात गाडी उजवीकडं झुकली, उजवा पाय पेगवरून सुटला आणि थप्प करून नवारीवर पडला. तिथंच थांबला. मी परत पेगवर पाय ठेवला आणि वर आलो. वर येऊन उतरलो तर बाबांनी विणलेल्या नवारीवर बुटाचा अख्खा काळा ठसा उमटला होता, टाचेसकट.

घरी येऊन पान्हा लावून बघितला तर पेगजवळचे दोन बोल्ट पाव फेरा ढिले झाले होते, म्हणून पहिल्या फेरीनंतर सगळे परत आवळा आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही.