क्योतोत खायचं-प्यायचं कुठे, आणि कियामाचीत का नाही

क्योतोला जाणाऱ्यांना पहिली सूचना. संध्याकाळी सातनंतर सान्जो आणि शिजो या रस्त्यांच्या मधल्या कियामाची रस्त्यावर कुणी हातात मेन्यूकार्ड घेऊन हसत समोर आलं, तर थांबू नका. 'नको' म्हणायलाही थांबू नका. ही पोरं इंग्रजी बरं बोलतात, 'टेबल आत्ता मिळेल' म्हणतात. दिवसभर फुशिमी इनारी देवळाच्या पायऱ्या चढून-उतरून आलेल्या माणसाला तेवढंच ऐकायचं असतं.

आम्हाला लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर नेलं. दोन बिअर, एक एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा), एक कारागे (तळलेलं चिकन). बिल सहा हजार येनच्या घरात. त्यात माणशी त्सुकिदाशी (न मागताच समोर येणारी ती छोटी वाटी), वर बसण्याचा आकार, वर शनिवारचा आकार आणि या सगळ्यावर दहा टक्के सर्व्हिस. विचारलं तर मेन्यूच्या शेवटच्या पानावरची बारीक जपानी अक्षरं दाखवली. पैसे दिले. राग अजून गेलेला नाही, आणि हे लिहायला बसलो ते त्यामुळेच.

त्सुकिदाशी ही फसवणूक नाही, हेही सांगतो. जपानभर इझाकायात, म्हणजे तिथल्या पिण्या-खाण्याच्या दुकानांत, ती असतेच. सरळ दुकानात माणशी 300 ते 500 येन लागतात आणि त्या वाटीत काहीतरी चवीचं असतं. लूट आहे ती थरावर थर चढवण्यात. एप्रिल 2021पासून दुकानांना करासकट किंमत दाखवावी लागते, पण हे बाकीचे आकार त्यात धरलेले नसतात. म्हणून बूट काढायच्या आधी, दारातच विचारा: 'सेकिर्यो वा इकुरा देसु का?' म्हणजे बसण्याचे किती. सरळ उत्तर आलं तर बसा, नाहीतर वळा. गिऱ्हाईक ओढायला त्या भागात बंदी आहे. बंदी मोडून जो रस्त्यावर येऊन बोलावतो, तो बिलात तुमचा विचार करेल अशी आशा धरू नका.

शेजारचा पोंतोचो बोळ दिसायला फार सुंदर. अरुंद, कंदिलांनी उजळलेला. चालून या, पोट दुसरीकडे भरा. मे महिन्यापासून कामो नदीवर लाकडी मचाण बांधून जेवायला बसवतात. त्याचं कौतुक खूप ऐकाल, पण रात्री बहुतेक ठिकाणी ठरावीक कोर्सच घ्यावा लागतो आणि त्याची किंमत जागेची असते, ताटाची नाही. मचाणावर बसायचंच असेल, तर सान्जो पुलापाशी स्टारबक्सचंही मचाण आहे. एका कॉफीच्या पैशात तीच नदी.

आता शाकाहाऱ्यांसाठी. आमची ही मासे खात नाही, त्यामुळे हा विषय रोज निघायचा. क्योतोत तोफू, युबा (सोयादुधावरची साय), भाज्या सगळं उत्तम मिळतं, पण जवळपास सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीचं उकळलेलं पाणी, असते, आणि दाशीत बहुधा सुकवलेला बोनितो मासा. भाजीत मांस नाही एवढ्यावर भागत नाही. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेला पालक, सगळीकडे तोच. नान्झेन्जी देवळाजवळच्या युदोफूच्या (गरम पाण्यातल्या तोफूच्या) प्रसिद्ध दुकानांत तोफू शिजतो कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात, पण बुडवून खायच्या सोयासॉसमध्ये मासा असू शकतो. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु' (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) हे वाक्य फोनमध्ये जपानीत लिहून ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा. निर्धास्त जेवायचं असेल, तर आराशियामाला तेन्र्युजी देवळाच्या आवारात शिगेत्सु हे भोजनालय आहे. तिथे फक्त दुपारी, झेन पद्धतीचं शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण, मिळतं, मासा कशातच नाही. स्वस्त नाही, आणि बागेचं प्रवेश तिकीट वेगळं काढावं लागतं. तरी जा. आराशियामाचा बाकी दिवस मजेत गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

निशिकी बाजार 390 मीटरचा आहे. दुपारी त्यात शिरलात तर गर्दीतून पुढे सरकणं एवढंच हाती राहतं. काडीला टोचलेली छोटी ऑक्टोपसं आणि गोमांसाच्या काड्या पर्यटकांसाठी आहेत, भावही तसेच. लोणची मात्र घ्याच: शिबाझुके, सुगुकी, हिवाळ्यात सेन्माइझुके. सुगुकीचा आंबटपणा आपल्या जिभेला लगेच पटतो. सोयादुधाचे छोटे गरम डोनट्सही झकास. चालत खाऊ नका, दुकानासमोर उभं राहून संपवा. तिथली विनंती आहे आणि ती रास्त आहे.

प्यायचं असेल तर कियामाची नाही, क्योतोचाच फुशिमी भाग. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. गिऑन-शिजो स्टेशनवरून केइहान रेल्वेची जलद गाडी पाव तासाच्या आसपास चुशोजिमाला पोचवते. तिथून पाच-दहा मिनिटं चाललात की काळ्या लाकडी भिंतींच्या, साकेच्या (तांदळाच्या जपानी दारूच्या) जुन्या भट्ट्या लागतात. त्यातली गेक्केइकान ही भट्टी 1637पासून चालू आहे. त्यांच्या संग्रहालयाच्या तिकिटातच साकेची चव घेणं आलं. आधी गोकोनोमिया देवळात जा आणि तिथल्या झऱ्याचं पाणी प्या. फुकट आहे, लोक कॅन भरून नेतात. साकेसाठीच प्रसिद्ध असलेल्या नादा भागाच्या पाण्यापेक्षा ते मऊ, आणि फुशिमीची साके नरम लागते ती त्याच्यामुळे. पाणी पिऊन मग साके प्यायलात की हे जिभेवर कळतं, वाचून नाही. फुशिमी साकागुरा कोजी या खाण्या-पिण्याच्या ठिकाणी तिथल्या बऱ्याच भट्ट्यांच्या साके छोट्या पेल्यांतून एकाच पाटावर मिळतात. दोघांत एक पुरे. जेवायला तोरिसेई: साकेच्या भट्टीचंच याकितोरीचं (काडीवर भाजलेल्या कोंबडीचं) दुकान, भट्टीतून थेट आलेली साके आणि बिलात एकही न समजणारी ओळ नाही. मी इतका खूश होतो की परतीचं स्टेशन चुकलं असतं तरी चाललं असतं. हे सगळं दुपारी करा, संग्रहालय साडेचारला बंद होतं.

रात्रीचं जेवण? पाय बोलायला लागले असतील तर शिजोवरच्या दाइमारू किंवा ताकाशिमाया या मोठ्या दुकानांच्या तळघरात जा. सातच्या सुमारास बेंतोंवर (जेवणाच्या डब्यांवर) सवलतीच्या चिठ्ठ्या लागायला सुरुवात होते, आठला दार बंद. डबा घेऊन कामोच्या काठावर बसा. उजेड असेपर्यंत मात्र नदीकाठी खाणं उघडं धरू नका: घारी मागून झडप घालतात, तसे फलकही लावलेले आहेत.

आणि इमामिया देवळाच्या पूर्व दाराबाहेर इचिवा हे दुकान. इसवी सन 1000पासून एकच पदार्थ: कोळशावर भाजलेले बोटभर मोची (तांदळाचे चिकट गोळे), त्यावर पांढऱ्या मिसोचा गोड रस. समोरच्या काझारियातही तेच मिळतं आणि वाद दोन्हीकडून चालतो. मी इचिवाच्या बाजूने. शहर बस 46 देवळापाशी सोडते. बुधवारी जाऊ नका, दोन्ही बंद असतात.